समुद्रातल्या रिबीन किड्याला 'फीतकृमी' म्हणावं का?

टिळकवाडी :
नववीच्या मुलांसाठी प्राण्यांच्या संघांवरची एक कन्नड पुस्तिका मराठीत आणतोय. नेमर्टिया, म्हणजे समुद्रातले रिबीन किडे, या संघापाशी गाडी अडलीय. मी 'फीतकृमी' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांचा शेरा आला : "फीतकृमी म्हणजे पोटातला, कन्नड लाडीहुळू. तो मागच्याच पानावर आहे." पोटातल्याला मराठीत पट्टकृमी म्हणतात, म्हणून 'फीत' मोकळी आहे असं मी धरलं होतं. काय लिहावं?

खानापूर :
शेरा बरोबर आहे. दोघंही लांब आणि चपटे, खरं साम्य तिथंच संपतं. पट्टकृमीला तोंड नाही, आतडं नाही, अन्न कातडीतून शोषतो, अंगाचे खंड पडलेले असतात. नेमर्टियाचं अंग अखंड. पुढं तोंड, मागं गुदद्वार, आणि रक्त बंद नळ्यांतून फिरतं. नोंदलेल्या जाती सुमारे १,३००, त्यातल्या बहुतेक समुद्रातल्या आणि शिकार करून खाणाऱ्या. 'फीतकृमी' वाचलं की मुलगा जंताचं औषध आठवणार.

निपाणी :
मुळात 'फीत' आपला शब्दच नव्हे, पोर्तुगीज 'फिता'वरून आलाय. पट्ट, सूत्र, तंतू असताना उसना कशाला? 'सूत्रकृमी' करा.

खानापूर :
सूत्रकृमी नेमॅटोडला दिलेला आहे सर, शेतकी खात्याच्या पत्रकातसुद्धा. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारा तो. ही गल्लत पहिल्यापेक्षा महागात पडेल.

शहापूर पेठ :
आणि फीत परकी कशी हो? उद्घाटनाला फीत कापतात, ध्वनिफीत, चित्रफीत सगळे बोलतात. कन्नड 'लाडी' म्हणजे चड्डीची नाडी. नाडीच तिकडं लाडी झाली असेल, असं मला वाटतं. या संघातल्या सगळ्यात लांब किड्याला इंग्रजीत बुटाच्या नाडीचंच नाव आहे. मग 'नाडीकिडा' का नको? आणि 'हुळ' म्हणजे किडा, त्यावरूनच आपलं 'हुळहुळणं' आलं असावं. अंगावर किडा चालल्यासारखं होतं ना?

निपाणी :
हुळहुळणं जखमेचं असतं, किड्याचं वळवळणं. ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आणि 'नाडी' म्हटलं की लोक मनगट पुढं करतील.

कारवार :
आकारावर नाव ठेवण्यातच चूक होतेय. या संघाची ओळख सोंड आहे. नेमर्टिस ही ग्रीक कथांतली सागरकन्या, तिच्या नावाचा अर्थ 'न चुकणारी'. त्या धाग्यानं 'अचूकशुंडी' सुचवतो. आता ही सोंड इतरांपेक्षा वेगळी कशी तेही सांगतो. हत्तीची सोंड कायम बाहेर असते, फुलपाखराची तोंडाखाली गुंडाळलेली. यांची आतड्याच्या वर, पाणी भरलेल्या वेगळ्या पोकळीत मिटलेली असते. पोकळीभोवतीचे स्नायू आवळले की पाण्याचा दाब वाढतो आणि सोंड उलटी होत बाहेर फेकली जाते. सदऱ्याची बाही आत गेलेली असेल आणि फुंकर मारून बाहेर काढली, तशी. आतलं अस्तर बाहेर येतं, म्हणून चिकट द्रव थेट भक्ष्याला लागतो. मागच्या टोकाला जोडलेला स्नायू ती परत ओढतो. तो तुटला तर सोंड बाहेरच राहते, कधी अंगापासून सुटते, मग नवी वाढते. एका गटात टोकाशी कॅल्शियम फॉस्फेटची बारीक सुई असते, शेजारच्या पिशव्यांत राखीव सुया. तिला 'नांगी' लिहू नका. नांगी शेपटीला असते.

शहापूर पेठ :
दाभण म्हणा की! पोती शिवायची. कन्नडात दब्बण, इकडं दोन्हीकडच्या पोरांना लगेच कळेल.

खानापूर :
दाभण जाड. ही भिंगाखाली बघायची वस्तू आहे, 'सुई'च ठेवा. आणि 'विषारी', 'विखारी' सरसकट वापरू नका. सुईनं टोचून विष सोडतो तो विखारी. सेफॅलोथ्रिक्स या रिबीन किड्याच्या काही जातींत फुग्या माशातलं टेट्रोडोटॉक्सिन सापडतं, लायनिअस लाँजिसिमसच्या, म्हणजे त्या बुटाच्या नाडीवाल्याच्या, बुळबुळीत स्रावातलं विष खेकड्यांना मारतं. तिथं 'विषारी' पुरे.

टिळकवाडी :
या लायनिअसची लांबी पुस्तिकेत ५५ मीटर दिलीय. ठेवू का?

कारवार :
तो १८६४ सालचा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावरचा नमुना. आकडा द्या, खरं 'ताणलेला असावा' हेही लिहा. साधारण ५ ते १५ मीटर, रुंदी ५ ते १० मिलिमीटर. हे अंग रबरासारखं ताणतं आणि आखडतं, त्यामुळं लांबी कोणत्या अवस्थेतली हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. जिवंत किडा थेट अल्कोहोलात टाकला तर आखडतो, सोंड फेकतो, तुकडे होतात. आधी गुंगी द्यावी लागते : स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराईड ७५ ग्रॅम, गोडं पाणी मिळवून एक लिटर. किडा समुद्राच्या पाण्यात ठेवून हे द्रावण थोडं थोडं वाढवत न्यायचं. टोचल्यावर हालला नाही की मगच मोजायचा आणि टिकवायच्या द्रावात घालायचा. घाई केली तर हाती वेटोळं येतं. 'गुंगी' शब्द ठेवा, 'भूल' नको, भूल म्हटलं की दवाखाना आठवतो.

निपाणी :
भूल सोपा शब्द आहे. गुंगी औषधानं नुसती सुस्ती येते.

शहापूर पेठ :
नाडीकिड्याचं राहिलंच. आणि सगळे शिकारीच आहेत का? नाहीतर 'जंत' तरी चाललं असतं.

खानापूर :
सगळे नाहीत. मॅलॅकोब्डेला शिंपल्यांच्या आत राहतो, मागं चिकटायला चूषक असतो, पाण्यातले कण गाळून खातो. कार्सिनोनेमर्टिस खेकडीच्या पोटाखालची अंडी फस्त करतो. तरी 'जंत' नको, जंत आतड्यातला.

टिळकवाडी :
तूर्त 'नेमर्टिया (रिबीन किडे)' असं टाकतोय. पुढच्या ओळीत पिलिडियम आहे, म्हणजे यातल्या काही किड्यांची बाल्यावस्था, टोपीसारखी. आतलं पिल्लू तयार झालं की बाहेर पडताना त्या टोपीलाच खातं. याला 'अळी' म्हणू?

निपाणी :
डिंभ म्हणा.

शहापूर पेठ :
डिंभ कोण बोलतं हो? अळीच!