टोणगा पोसून विकायचा, की खुंट्यावरच मरू द्यायचा?

उसाचं_वाढं
म्हशीला वगार, म्हणजे मादी, झाली की गल्लीभर चहा आणि टोणगा, म्हणजे नर, झाला की घरात सुतक. पुढं काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, बोलत कुणी नाही. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, नावापुरता, पान्हा फुटेस्तोवर सडाला लावायचं, मग ओढून खुंट्याला. महिन्याभरात रेडकू "गेलं".

2019 च्या पशुगणनेत देशात म्हैसवर्गाची जनावरं जवळपास 11 कोटी. त्यात माद्या 10 कोटींच्या वर आणि नर एक कोटीसुद्धा नाहीत. आधीच्या गणनेपेक्षा नर 42 टक्क्यांनी घटले. जन्मताना तर निम्मे-निम्मेच असतात ना? काही कत्तलखान्यात गेले, बरेच तुमच्या-माझ्या गोठ्यात गेले.

माझं म्हणणं सरळ आहे. टोणगा मांसासाठी म्हणून नीट पोसावा आणि दीड-दोन वर्षांनी उघड विकावा. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आली, पण म्हैसवर्ग त्यात नाही. कत्तलीआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो, एवढंच.

माझ्याकडे चार टोणगे आहेत. सांगली जिल्हा, ऊसपट्टा. हंगामात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, घरचंच, एरवी मक्याचा मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आणि कडबा कुट्टी, वर किलोभर भरडा, सरकी पेंड, तूरचुणी आणि मूठभर खनिज मिश्रण. नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं, म्हणून मी चुन्याची निवळी शिंपडतो. कोण पटतंय, कोण नाही, बोला.

रोखठोक_हिशोब
दादा, भावना राहू द्या, आकडे घ्या. रेडकाला रोज दोन लिटर, तीन महिने दूध पाजलं तर 180 लिटर. 55 रुपये धरले तरी 9,900. पुढं दीड वर्ष रोज किलोभर खुराक, 25 रुपयांनी साडेतेरा हजार. झाले 23 हजार आणि अजून वैरणीची काडी धरलेली नाही. दिवसाला अर्धा किलो वाढ धरली तरी वीस-एकवीस महिन्यांनी तीनशे-सव्वातीनशे किलो. आमच्याकडे उक्त्या सौद्यात, म्हणजे न तोलता, त्याचे तीस हजार हातात पडले तर नशीब. उरलेल्या सहा-सात हजारात दीड वर्षाची वैरण कुठून आणायची? तुमचं वाढं फुकट आहे म्हणून तुम्हाला सुचतंय. आमच्या दुष्काळी माण-खटावात उन्हाळ्यात कडब्याची पेंढी बघून डोळे पांढरे होतात.

माळकरी
माऊली, आकडे बाजूला ठेवतो. ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याची आमच्या जुन्नर तालुक्यात आळ्याला समाधी आहे, लोक नारळ फोडायला जातात. आणि इथं त्याच जातीला किलोवर मोजायचं चाललंय. पाळायचं तर मरेपर्यंत पाळावं. कापायला म्हणून मोठं करणं मला जमणार नाही आणि कुणी करावं असंही वाटत नाही.

उसाचं_वाढं
माऊली, राग नका मानू. तुमच्या गोठ्यात मरेपर्यंत पाळलेले टोणगे किती? आमच्या आज्जानं एकच ठेवला होता, रेतनाचा. बाकीचे कुठं गेले हे आज्जीला विचारलं की ती विषय बदलायची. सुरी आपण धरली नाही म्हणून आपण सुटलो, असं मला वाटत नाही.

हिशोबवाले दादा, वैरण विकत घेऊन टोणगा परवडत नाही, हे मान्य. पण दूध तीन महिने कशाला? तिसऱ्या आठवड्यापासून खुराक चाटायला ठेवला की दोन महिन्यांत दूध तोडता येतं, साठ-सत्तर लिटर तिथंच वाचतात. शेणखताची ट्रॉली धरली नाहीत तीही धरा.

आणि सगळे पोसू नका, निवडा. लांब पाठ, रुंद कंबर, रुंद जबडा, अंगावर सैल कातडं, सरळ पाय. पोट नगाऱ्यासारखं आणि ढुंगण सुकलेलं असेल तर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. विकताना गळ्यात टेप टाकून जा. छातीचा घेर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 660 नं भागा. घेर 60, लांबी 50 असेल तर 272 किलो. माझ्या त्याच टोणग्याला व्यापारी रुमालाखाली बोटं दाबत, बाजारात सौदा तसाच गुपचूप होतो, "सव्वादोनशेचा माल" म्हणत होता.

बाजारकरू
टेप लावा नाही तर वजनकाट्यावर उभा करा, गाडी पुढं गेली पाहिजे ना. आम्ही दोन पिढ्या जनावरं खरेदीचाच धंदा करतो. दाखला, वाहतुकीची कागदं, सगळं असताना रात्री रस्त्यात गाडी अडवली जाते. म्हैस आहे का गाय, हे बघायला कुणी टॉर्चसुद्धा लावत नाही. जनावर गेलं, भाडं गेलं, वर वकील. 2025 च्या पावसाळ्यात आमच्या कुरेशी समाजानं खरेदीच बंद ठेवली, तेव्हा बाजारात शेतकऱ्यांची भाकड जनावरं उभीच्या उभी परत गेली. त्या जोखमीचे पैसे आम्ही तुमच्या भावातूनच कापतो, खोटं कशाला बोलू. रुमालाखाली सव्वादोनशे म्हणतो त्यातला थोडा भाग त्याचा असतो. सगळा नाही 😀

रोखठोक_हिशोब
हेच सांगतोय. टोणगा जन्मालाच कशाला घालायचा? लिंगनिर्धारित रेतमात्रा, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, मुऱ्हा जातीच्या म्हशींसाठीही मिळतात, दहात नऊ वगारी.

गोठ्याचा_डॉक्टर
मी नोकरीत आहे, म्हणून नाव-गाव नको. दहात नऊ हे गाभण राहिली तर. त्या मात्रेत शुक्राणू कमी असतात, गर्भधारणा साध्या मात्रेपेक्षा कमीच. त्यात म्हशीचा मुका माज, म्हणजे वरून लक्षणं न दिसणारा, उन्हाळ्यात तर कळतच नाही. चुकीच्या वेळी भरलेली महाग मात्रा वाया जाते आणि म्हैस आणखी तीन आठवडे रिकामी. चांगल्या गोठ्यात जरूर वापरा, पण टोणगे त्यानं संपणार नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रेडकं नुसती उपासानं मरत नाहीत. रेडकू आईच्या दुधातूनच गोल जंत घेऊन येतं. दोन-तीन आठवड्यांचं झालं की पोट सुटतं, मातकट रंगाची घाण वासाची हगवण लागते आणि मालक म्हणतो "दूध बाधलं". मग उरलंसुरलं दूधही बंद. दहाव्या दिवसाच्या आसपास पायपेराझिन हे जंताचं औषध दिलं तर यातली बरीच वाचतात, आणि औषध महाग नाही. चीक पहिल्या दोन तासांत, सगळा मिळून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, एकदम नको, दोन-तीन वेळा करून. पावसाळ्याआधी घटसर्पाची (जनावरांचा घसा सुजवणारा रोग) लस, म्हैसवर्गाला तो जास्त मारतो. विकायचं की मरेपर्यंत पाळायचं, हे नंतर भांडा.

रोखठोक_हिशोब
डॉक्टर, औषध धरून माझा हिशोब आणखी वाढला. तरी ऊसपट्ट्यापुरतं उसाचं वाढं यांचं म्हणणं चालेल, एवढं मानतो. माणदेशाला ते लावू नका.

बाजारकरू
माणदेशातला टोणगा सहा महिन्यांचा झाला की ऊसपट्ट्यात विका की. गाडी जवळच, रस्त्यात रात्र नको.

उसाचं_वाढं
मी घेईन. पण टेप लावून.

माळकरी
माझं मत बदललेलं नाही. डॉक्टर साहेब, आमची म्हैस सोमवारी व्याली, टोणगाच आहे. आज आठवा दिवस. हगवण नाही, पण पोट जरा सुटल्यासारखं दिसतंय. औषध पावडरचं द्यायचं की पातळ?

गोठ्याचा_डॉक्टर
पातळ. डोस वजनावर असतो, तो जवळच्या दवाखान्यातून ठरवून घ्या, अंदाजानं नको. पाजताना मान फार वर ताणू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. आणि दूध चालू ठेवा.