एकट्या सुनेला पाठवून भागत नाही
"समुपदेशक नुसतं ऐकून घेतो, घरचे तसेच राहतात" असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहिते. कुटुंबोपचारात (फॅमिली थेरपीत) घरच्यांनाच सोबत बसवतात. इथे इंदूरला आमच्या नात्यात मायलेकांचा अबोला, सगळे निरोप सुनेमार्फत. झोप उडाली तिची, गोळ्याही तिलाच! कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक मरे बोवेन यालाच त्रिकोण म्हणत: दोघांतला ताण तिसऱ्याच्या डोक्यावर. थेरपिस्टबाईंनी सुनेची खुर्ची बाजूला सरकवली, मायलेकांना समोरासमोर बसवलं (याच क्षेत्रातले दुसरे प्रवर्तक साल्वाडोर मिनुचिन असंच करत) आणि आईंना म्हणाल्या, "जेवायला कधी येणार, हे आता त्यालाच विचारा." बराच वेळ दोघंही गप्प. पण विचारलं त्यांनी. मात्र घरात मारहाण होत असेल, तर एकत्र बसण्याआधी थेरपिस्टला एकटीने भेटून ते सांगा.