मदत हवी आहे: एक्स-कौन्सिल (पूर्वी स्थानिक पालिकेचं भाड्याचं असलेलं) घर घ्यावं का? (रेडिंग, व्हिटली)

नमस्कार मंडळी. इंग्लंडात घर घेतलेलं कोणी असेल तर जरा वेळ काढून वाचा, पोस्ट लांबलीये त्याबद्दल आधीच सॉरी.

आम्ही सध्या लोअर अर्लीत भाड्याने राहतो. नवऱ्याचं ऑफिस ग्रीन पार्कला, मला अधूनमधून लंडनला जावं लागतं. भाडं दरवर्षी वाढतंय, पोरगा पुढच्या सप्टेंबरला रिसेप्शनला (शाळेचा पहिला वर्ग) जाणार म्हणजे १५ जानेवारीच्या आत शाळेचा अर्ज, आणि त्यावर पत्ता कुठला टाकायचा इथपासूनच घोळ, म्हणून म्हटलं आता घेऊनच टाकू. बजेट फार तर सव्वातीन लाख पौंड. डिपॉझिट जमलंय, नवऱ्याच्या नावावर पुण्यात पिंपळे सौदागरला फ्लॅट आहे त्याचं भाडंही थोडंफार येतं. एवढ्या पैशात अर्ली-वुडलीकडे तीन बेडरूमचं काही बरं बघायला गेलं की कोणीतरी आधीच ऑफर टाकून बसलेलं असतं, नाहीतर मग केनेट आयलंडसारखे नवे फ्लॅट, दिसायला चकाचक पण लीजहोल्ड (जमीन आपली नाही, ठरावीक वर्षांचा पट्टा), वर सर्व्हिस चार्ज, आणि बाग म्हणजे बाल्कनीतली तुळस.

तर एजंटने व्हिटलीतलं एक घर दाखवलं. नॉर्दम्बरलँड ॲव्हेन्यूवरून आत वळलं की एक बंद गल्ली आहे तिथलं, दोन महायुद्धांच्या मधलं बांधकाम, विटांचं, फ्रीहोल्ड (जमिनीसकट आपलं), तीन बेडरूम. मूळचं कौन्सिलचं, ८० च्या दशकात तिथल्याच भाडेकरूंनी राइट टू बायमध्ये (भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत देणारी सरकारी योजना) घेतलेलं, आता त्यांची मुलं विकतायत. खोल्या चांगल्या ऐसपैस, मागची बाग एवढी लांब की शेवटी शेड आहे हे आम्हाला तिकडे चालत गेल्यावर कळलं. मला घर बघताक्षणी आवडलं, खोटं कशाला बोलू.

आता गल्लीचं सांगते. रस्त्यात उभं राहिलं की कुठलं घर अजून कौन्सिलचं आणि कुठलं विकलं गेलेलं ते दारावरूनच कळतं, कौन्सिलच्या घरांना सगळ्यांना एकाच साच्यातलं दार, आणि विकत घेतलेल्यांपैकी कोणाचं लाल, कोणाचं लाकडी, कोणी पुढे पोर्च काढलेला. निम्मीनिम्मी असावीत. डावीकडचे शेजारी कौन्सिलचे भाडेकरू, एक आजोबा, कुंपण रंगवत होते. त्यांनी आपणहून सांगितलं की जोराचा पाऊस आला की दोन घरांच्या मधली ड्रेन तुंबते. एजंट तेव्हा फोनवर बोलत लांब गेला. समोरच्या अंगणात एक भिजलेला सोफा आणि चाकं काढलेली गाडी, तेही आहे.

ऑफिसात नुसतं नाव काढलं तर एकजण म्हणाला "व्हिटली? सीरियसली?" आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर तर "कौन्सिल एस्टेटमध्ये नका घेऊ, विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही" असे मेसेजवर मेसेज. ह्यातले किती लोक कधी व्हिटलीत पाय ठेवून आलेत देव जाणे. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे म्हाडाचंच ना गं? मग बिघडलं काय, आम्ही जन्म काढला की म्हाडात." नवरा मात्र डगमगतोय.

तर विचारायचं हे की नावाला घाबरून सोडावं का, मॉर्गेज आणि इन्शुरन्सला त्रास होतो का, पाच-सात वर्षांनी विकायचं म्हटलं तर खरंच अडतं का, आणि सर्व्हेत काय काय बघून घ्यायचं? अनुभव असलेल्यांनीच लिहा प्लीज, "ऐकलंय" वाले सल्ले भरपूर झालेत.

– अर्लीतली_भाडेकरू

बर्कशायरची_सून
आम्ही ब्रॅकनेलला एक्स-कौन्सिल घरातच राहतो, मजेत आहोत. ताई, पहिली गोष्ट, ही घरं काही कोपऱ्यातली भानगड नाहीत, १९८० च्या हाउसिंग ॲक्टनंतर इंग्लंडात जवळजवळ २० लाख घरं अशी विकली गेलीत, त्यामुळे विटांचं फ्रीहोल्ड घर म्हटलं की बँकवाले सहसा नाक मुरडत नाहीत. गिऱ्हाईकही मिळतं, फक्त अर्लीच्या भावाने मिळणार नाही, पण तुम्हीही त्या भावाने घेत नाही आहात ना.
भीती वाटत असेल तर पोलिसांच्या सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून बघा, आणि तुलनेला तुमचा सध्याचा अर्लीचा पोस्टकोडही टाका, नुसता व्हिटलीचा बघाल तर झोप उडेल. शुक्रवारी रात्री आणि शाळा सुटायच्या वेळेला गल्लीत एक चक्कर मारा. संपूर्ण एस्टेट कशी आहे त्यापेक्षा तुमच्या गल्लीतली आठ-दहा घरं कशी आहेत ह्यावर सगळं असतं.
आणि गंमत सांगू? व्हिटलीला नावं ठेवणाऱ्यांना विचारा, पूर्वी तिकडे मैलापाणी केंद्राचा वास यायचा, त्याला "व्हिटली व्हिफ" म्हणायचे. ते जुनं केंद्र हललं आणि त्या जागेवर उभं राहिलं केनेट आयलंड 😀

हिशेबनीस
व्हिटली राहू दे बाजूला. तुम्ही मधेच पिंपळे सौदागर लिहून पुढे गेलात, माझं वाचन तिथेच थांबलं. स्टॅम्प ड्यूटी किती धरलीये?
फर्स्ट टाइम बायरची (पहिल्यांदाच घर घेणाऱ्याची) सवलत धरली असेल तर ती विसरा. जगात कुठेही घर नावावर असेल किंवा कधी होतं, तर माणूस इथे फर्स्ट टाइम बायर राहत नाही. वर, आज ते घर तुमच्या मालकीचं आहे आणि किंमत ४०,००० पौंडांच्या वर आहे (पिंपळे सौदागरला आहेच) म्हणजे दुसऱ्या घराचा ५ टक्के सरचार्ज, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ३ चा ५ झालाय. "घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतो" हा उपाय चालत नाही, नवरा-बायको एकत्र राहत असतील तर दोघांना एकच धरतात.
३,२५,००० वर आकडे बघा. सवलत मिळाली असती तर १,२५० पौंड. सवलत नाही पण सरचार्जही नाही तर ६,२५०. सरचार्जसकट २२,५००. पूर्ण किमतीवर ५ टक्के लागतो, वरच्या तुकड्यावर नाही.
पुण्याचा फ्लॅट इथल्या कम्प्लीशनच्या (घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधी विकलात तर सरचार्ज टळतो. नंतर तीन वर्षांत विकून परतावा मागता येतो, पण तो फ्लॅट इथलं घर घ्यायच्या आधीच्या तीन वर्षांत कधीतरी तुमचं राहतं घर असेल तरच. तुम्ही इकडे येऊन किती वर्षं झाली?

अर्लीतली_भाडेकरू
बाप रे. सहा वर्षं झाली. आम्ही १,२५० च धरले होते, ब्रोकरने विचारलं होतं "पहिलं घर का" तर नवरा हो म्हणाला, इथलं पहिलंच आहे की. २२,५०० म्हणजे डिपॉझिटलाच मोठं भोक पडलं. घरी आत्ता शांतता आहे 😐

डर्बीवाला
दादाला म्हणावं घाई करू नका, सॉलिसिटरला आजच हे सगळं लेखी विचारा.
मी घराबद्दल लिहितो. तुमचं विटांचं आहे म्हणून सुटलात, पण पोस्टकोड बदलून दुसरं बघायला जाल तर एक लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती तेव्हा कौन्सिलांनी काँक्रीटचे तयार तुकडे जोडून बरीच घरं उभारली, एअरी, कॉर्निश युनिट, रीमा वगैरे. आतली लोखंडी सळई गंजायला लागली आणि १९८४ ला हाउसिंग डिफेक्ट्स ॲक्ट आणावा लागला. आम्हाला एक असंच आवडलं होतं, बाहेरून काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या एकावर एक, मला वाटलं डिझाइन आहे. बँकेने सरळ नाही म्हटलं. आमच्या घराची दुरुस्ती झालेली होती, पण चिकटलेल्या शेजारच्या घराची नव्हती, एवढ्यावर अडलं.
फ्लॅट असेल तर वेगळीच कथा. माझ्या मेहुण्याने एक्स-कौन्सिल ब्लॉकमध्ये घेतला, फ्रीहोल्ड अर्थातच कौन्सिलकडे, दोन वर्षांत सेक्शन २० ची नोटीस (मोठ्या कामांचा खर्च फ्लॅटवाल्यांकडून घेण्याआधी द्यावी लागणारी), छप्पर आणि खिडक्या, त्याच्या वाट्याला पाच आकडी बिल. विकत घेण्याआधी येऊ घातलेल्या मोठ्या कामांचं विचारलं असतं तर निदान भाव पाडता आला असता.
तुमच्या घरासाठी लेव्हल ३ सर्व्हे (सगळ्यात सविस्तर तपासणी) करा, एवढं जुनं आहे तर लेव्हल २ वर भागवू नका. ड्रेनमध्ये कॅमेरा घालून बघणारे वेगळे असतात, आजोबांनी फुकटात सांगितलंय त्याचा फायदा घ्या. लँड रजिस्ट्रीवरून टायटल रजिस्टर आणि प्लॅन काढा, प्रत्येकी ७ पौंड. कौन्सिलने विकताना घातलेल्या अटी त्यात सापडतात, मागच्या बाजूने शेजाऱ्यांना कचऱ्याचे बिन न्यायला वाट द्यायची, बांधकाम वाढवायला कौन्सिलची परवानगी वगैरे. राइट टू बायचं पाच वर्षांत विकलं तर डिस्काउंट परत हे लफडं तुम्हाला नाही, ८० च्या दशकातलं आहे म्हणजे ते कधीच संपलं. आणि पुढच्या अंगणात गाडी लावायचा विचार असेल तर ड्रॉप कर्बची (गाडी आत घ्यायला फुटपाथची कड खाली करायची) परवानगी मिळते का ते ऑफरच्या आधी विचारा, गल्लीच्या टोकाला वळायला जागा नसली की अडतं.

अर्लीतली_भाडेकरू
सगळ्यांना मनापासून थँक्यू, हिशेबनीस तुम्हाला तर पुरणपोळी.
सॉलिसिटरशी बोललो, सरचार्ज लागणारच म्हणाली. काल रात्री बसून ठरवलं की घर आवडलंय ते आवडलंय, व्हिटली म्हणून सोडायचं नाही. एजंटला सांगितलं की आमचा भारतातला फ्लॅट विकून मग कम्प्लीशन करू, विकणाऱ्यांना घाई नसेल तर बघा. तो म्हणाला विचारतो. नाही थांबले तर किंमत खाली आणायला बघू, ड्रेनचा मुद्दा आहेच हातात. तेही जमलं नाही तर मात्र हे घर गेलं, २२,५०० आमच्याने होणार नाहीत.
आता दोन गोष्टी अजून. ड्रेनच्या कॅमेऱ्याला रेडिंगकडे साधारण किती घेतात? आणि इथे बसून पुण्याचा फ्लॅट विकलेलं कोणी आहे का, पॉवर ऑफ ॲटर्नी सासऱ्यांच्या नावाने केली तर चालते ना, आणि एनआरआयचा टीडीएस कमी कापून घ्यायचं सर्टिफिकेट काढायला किती वेळ लागला? सोसायटीच्या एनओसीचं सासरे बघतायत, सेक्रेटरी सध्या काशीयात्रेला गेलाय म्हणे.