मित्राने नैराश्याच्या गोळ्या सोडल्या तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

नैराश्यावर उपचार चालू असलेला मित्र मध्येच गोळ्या सोडतो. कधी सांगून, बहुतेक वेळा न सांगता. आपण डॉक्टर नाही, त्याच्या घरचेही नाही, पण पुष्कळदा आधी कळतं ते आपल्यालाच. फोन उचलणं कमी होतं, ठरलेल्या भेटी टळतात. अशा वेळी तुम्ही काय बोललात, समोरून काय उत्तर आलं, पुढे काय झालं, ते लिहा. 'गोळ्या वेळेवर घ्याव्यात' हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यापुढचं हवं आहे.

थोडी माहिती आधीच देते, कारण ती नसली की मित्रमंडळी भलतंच समजावत बसतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशा औषधांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे जातात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होऊ शकते. म्हणजे सुरुवातीला पदरात पडतो तो फक्त त्रास. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने, अनेकदा त्याहून जास्त काळ गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. बंद करायच्या त्याही डॉक्टरांना विचारून, मात्रा हळूहळू उतरवत.

माणूस ओळखू येईल असे तपशील नकोत. किती मिलिग्रॅमची गोळी होती तेही नको, वाचणारा ते स्वतःला लावून बघतो. आत्ता कुणी फार वाईट अवस्थेत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत सरकारी हेल्पलाइनवर दिवसरात्र फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

पुणे, सहकारी आणि मित्र

आमच्या टीममधला मित्र. छान सावरला होता, ट्रेकला यायला लागला होता. 'आता ठीक आहे मी, कशाला रोज गोळी?' म्हणून एका सोमवारी त्याने थांबवली. आठवडा संपेपर्यंत चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. क्षुल्लक गोष्टीवरून भडकायचा. त्याची पक्की समजूत झाली की आजार परत आला आणि आता आयुष्यभर सुटका नाही. या समजुतीनेच तो जास्त खचला.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. औषध एकदम थांबवल्यावर काही दिवसांतच सुरू होतात ती बहुधा औषध सुटल्याची लक्षणं, आणि डोक्यातला करंट ही त्यांची खास खूण. आजार उलटतो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात, त्यामुळे ती सोडताना हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन बराच काळ रेंगाळतं, म्हणून त्याचा कमी. हे ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. मला वाटतं, ही माहिती पहिल्या चिठ्ठीबरोबरच प्रत्येक पेशंटला मिळायला हवी. डॉक्टरांकडे वेळ नसेल तर मित्राने विचारून घ्यावी.

नाव नको, मी स्वतः गोळ्या सोडलेला

दुसऱ्या बाजूने लिहितो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गोळ्यांनी मन थाऱ्यावर आलं, पण शरीरसंबंधात काहीच होईना. बायकोला वाटायचं तिच्यात काही कमी आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये वडील शेजारी बसलेले, तिथे हे कसं बोलणार? मी गुपचूप गोळ्या बंद केल्या.

एका नातेवाइकाने माझी पाकिटं मोजायला सुरुवात केली. मी गोळी बेसिनमध्ये टाकून रिकामी पट्टी दाखवायला शिकलो. शाळेतल्या मित्राने मात्र एकच विचारलं, 'गोळीने नेमका काय त्रास होतोय तुला?' आणि मग तो गप्प बसला. बराच वेळ. मी सांगून टाकलं. पुढच्या खेपेला वडिलांऐवजी तो माझ्याबरोबर आला आणि बाहेर थांबला. डॉक्टरांना जराही नवल वाटलं नाही. हा दुष्परिणाम त्यांना रोज ऐकायला मिळतो म्हणे. दुसऱ्या गटातलं औषध दिलं. आता गोळी घेतो, संसारही नीट आहे.

यवतमाळ जिल्हा

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे कारण बहुतेक वेळा वेगळंच असते. माझा दोस्त, कोरडवाहू शेतकरी. मी त्याच्यावर चिडलो, 'गोळ्या काहून सोडल्या?' तो म्हणाला, 'सोडल्या नाही रे भाऊ, सरल्या.' शहरातल्या खाजगी डॉक्टरची फी, एसटीचं भाडं, मजुरीचा दिवस बुडणार, अन् सोयाबीन काढणीला आलेलं. ज्याले पैसे मागायला लाज वाटते तो म्हणते, 'आता बरं वाटते.'

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तपासणी अन् औषध मोफत मिळते, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. आता मी बाजाराला जातो तेव्हा त्याले गाडीवर मागे बसवतो. जाताना-येताना आजाराचा विषय काढत नाही. कापसाचा भाव, पोरीची शाळा, हेच. तोच कधी मधी सांगते रात्री झोप लागली का नाही ते.

सोलापूर, औषध दुकानदार

काउंटरवरून जे दिसतं ते लिहितो. नैराश्याच्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोन औषधं असतात. एक हळूहळू काम करणारं, जास्त काळ घ्यायचं. दुसरं क्लोनाझेपामसारखं, थोड्या दिवसांसाठी, झोप आणि घालमेल यांकरता. दुसऱ्याने त्याच रात्री शांत वाटतं. मग महिन्याभराने माणूस येतो आणि म्हणतो, 'ती झोपेची तेवढी द्या, दुसरीची सवय लागते म्हणे.' नेमकं उलटं! सवय लागण्याचा धोका क्लोनाझेपामचा. जी सोडली तिची तशी तलफ लागत नाही. आणि क्लोनाझेपामही बरेच दिवस घेतल्यावर झटक्यात थांबवायचं नसतं, फिट येऊ शकते.

मित्र असाल तर 'गोळ्या चालू आहेत ना?' एवढ्यावर थांबू नका. तो 'हो' म्हणेल आणि ते खरंही असेल. कुठली चालू आहे, ते विचारा. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच मूळ औषधं बरीच स्वस्त मिळतात, हेही सांगा.

कोल्हापूर

माझ्या मैत्रिणीने सोडल्या नाहीत, तिच्या आईने सोडायला लावल्या. स्थळं बघायला सुरुवात झाली आणि घरात गोळी दिसायला नको असं ठरलं. मी काकूंशी बोलले. काकू रडल्या, म्हणाल्या, 'तू उद्या तुझ्या घरी जाशील, हिला सासरी कोण विचारणार?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वाईट बाई नाहीत, घाबरलेल्या आहेत. सध्या मैत्रीण दर रविवारी माझ्याकडे येते. तिच्या डॉक्टरांनी काकूंना भेटायला बोलावलंय, त्या अजून गेलेल्या नाहीत.

लंडनजवळून

मैत्रीण सांगलीत, मी इथे. तिने औषध सोडून काही महिने झाले होते. एका रात्री तिचे मेसेज वाचून पोटात गोळा आला: 'सगळ्यांना माझ्यापासून मोकळं करते.' मी फोन लावला आणि सरळ विचारलं, 'जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?' असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, विचारावंच. ती 'हो' म्हणाली. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथही घातली.

ती शपथ मी मोडली आणि पुन्हा मोडेन. दुसऱ्या फोनवरून तिच्या भावाला उठवलं. तो तिच्या खोलीत पोचेपर्यंत तिला बोलतं ठेवलं. घरातल्या सगळ्या औषधांचा डबा त्याने शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. रात्रभर कुणी ना कुणी तिच्याजवळ होतं, सकाळी दवाखाना. घरच्यांना पोलीस केसची भीती होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते. प्रयत्न झालेलाच नव्हता, तरी हे ऐकून त्यांची भीती कमी झाली. त्या भीतीपोटी एकही तास वाया जायला नको होता.

ती माझ्यावर बरेच दिवस रागावलेली होती. आता बोलते.

डोंबिवली

माझ्या मित्राच्या गोळ्या बंद झाल्या, पण ठरवून. डॉक्टरांनी काही महिने घेऊन मात्रा कमी केली. परीक्षेचा काळ, नोकरी बदलायचा काळ मुद्दाम टाळला. आज तो औषधाशिवाय बरा आहे. 'मला या बंद करायच्यात' असं डॉक्टरांना तोंडावर म्हणता येतं, हेच कितीतरी जणांना माहीत नसतं.

नाशिक

माझी मैत्रीण सध्या घेत नाहीये. डॉक्टरांकडे जाते, समुपदेशन चालू आहे, गोळीला मात्र नकार. ती सज्ञान आहे आणि विचार करून बोलते. मी वाद थांबवला आहे, तिच्याकडे येणं-जाणं थांबवलेलं नाही.

ती बरी असताना आम्ही दोघींनी बसून एक कागद केला: तिचं बिघडायला लागतं तेव्हा आधी काय दिसतं. अंघोळ टाळणं, रात्री तीनला जाग येणं, आईचे फोन कट करणं. यातलं काही दिसलं तर मी तिच्या बहिणीला कळवायचं, असं तिनेच लिहिलं. त्याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून मानसिक उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो नातेवाईकच हवा असं नाही. तिने माझं नाव लिहिलंय.

मंगळवारी तिची डॉक्टरांची वेळ आहे आणि पहिल्यांदाच ती 'सोबत ये' म्हणाली. गोळीचा विषय निघेल. मी आत तिच्याजवळ बसू की बाहेर थांबू? तिला विचारणारच आहे, पण ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, आत बसलेल्या मैत्रिणीचा आधार वाटतो की दडपण?