शब्दचर्चा: माणूस 'सुधारक्षम' की 'घडणशील'?

पानोपान:
तत्त्वज्ञानावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि चार दिवस एकाच शब्दावर अडले आहे: 'पर्फेक्टिबिलिटी', म्हणजे स्वतःला 'पर्फेक्ट' करत नेण्याची शक्ती. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो याने विषमतेवरच्या १७५५च्या प्रबंधात हा शब्द वापरला. जनावर काही महिन्यांत जे होतं तेच जन्मभर राहतं, त्याची जात हजार वर्षांनंतरही पहिल्या वर्षी होती तशीच असते. माणसाचं तसं नाही, हा त्याचा मुद्दा. मला आधी सुचला तो 'पूर्णत्वक्षमता'. पण वाचताना दाताखाली खडा येतो.

काना-मात्रा:
येणारच. पूर्ण म्हणजे काठोकाठ, वर थेंब मावणार नाही असं. सुधारत राहणाऱ्याला 'पूर्ण' कुठून आणणार? हा घोळ मूळ शब्दातच आहे म्हणा. इंग्रज विचारवंत विल्यम गॉडविनने तेव्हाच खुलासा केला होता की, माणूस पूर्णत्वाला पोचू शकतो असं मला म्हणायचं नाही, तो सतत अधिक चांगला होत जाऊ शकतो एवढंच. शब्द एक वापरायचा आणि अर्थ दुसरा सांगायचा! मराठीत तेच पुन्हा कशाला? सरळ 'सुधारक्षमता' घ्या.

उंबरठा:
'सुधारणीयता' का नको? किंवा साधं मराठी, 'सुधारण्याजोगा'?

काना-मात्रा:
'हा मसुदा सुधारण्याजोगा आहे' हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय येतं? मसुद्यात चुका आहेत, हेच ना? '-अनीय' आणि '-जोगा' लावले की काम दुसऱ्याने करायचं असतं. मसुदा आपला आपण सुधारत नाही. 'सुधारणेला वाव आहे' हेही तसंच. शब्दशः बघितलं तर केवढं आशादायक वाक्य! प्रत्यक्षात शेरा म्हणून ते मिळालं की आपण समजतो, काम फसलं.

उंबरठा:
मग गाठ क्रियापदातच आहे. 'तो सुधारला' म्हटलं की आधी बिघडलेला होता हे आलंच. तब्येत सुधारते ती आजाऱ्याची. चांगल्या गायकाचं गाणं आणखी चांगलं झालं तर आपण 'गाणं सुधारलं' म्हणत नाही, म्हटलं तर तो रागावेल. तिथे आपण मुरलं, पिकलं, खुललं म्हणतो.

पानोपान:
हे मला दिसलंच नव्हतं. पण 'मुरणक्षमता' लिहिलं तर संपादक लोणच्याची पाककृती समजतील.

तळटीप:
उशिरा आलो, पण एक आडवा मुद्दा टाकतो. तुम्ही सगळे धरून चालला आहात की रूसो या शक्तीचं कौतुक करतो आहे. त्याच प्रबंधात तो पुढे म्हणतो की हीच जवळजवळ अमर्याद शक्ती माणसाच्या सगळ्या दुःखांचं मूळ आहे. तिच्यामुळे ज्ञान आलं तसे भ्रमही आले, सद्गुण आले तसे दुर्गुणही. शिवाय म्हातारपणाने किंवा अपघाताने तिने मिळवून दिलेलं हातचं गेलं की माणूस जनावराच्याही खाली उतरतो. जनावराने काही मिळवलेलंच नसल्याने त्याचं काही जातही नाही. आता या वाक्यांत 'सुधारक्षमता' घालून बघा. सुधारणेमुळे दुर्गुण? 'सुधारणा' या शब्दात चांगुलपणा आधीच भरलेला आहे, तो रूसोला चालणार नाही.

माझ्या मते इथे 'घडणे' हवं. माणूस घडतो, वाईटही घडतो. आपलं आपण घडणं आणि कुणी घडवणं, दोन्ही एकाच धातूत बसतं. 'विकसनशील'च्या साच्यावर 'घडणशीलता' करता येईल.

काना-मात्रा:
'शील' आणि 'क्षम' यांत फरक आहे हं. 'शील' म्हणजे स्वभाव, 'क्षम' म्हणजे जमेल एवढंच. रूसो शक्तीबद्दल बोलतो आहे, सवयीबद्दल नाही. पण 'घडणक्षम' म्हटलं की लोहाराच्या भट्टीतलं लोखंड डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे हट्ट धरत नाही.

उंबरठा:
आणि ही घडण किती? तिला अंत आहे की नाही, हे शब्दात दिसायला हवं का?

तळटीप:
नको. तो वाद वेगळा आहे आणि गमतीचा आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८च्या लोकसंख्येवरच्या निबंधात त्यावरच बोट ठेवलं: मर्यादा कुठे आहे हे सांगता येत नाही म्हणजे मर्यादाच नाही असं नव्हे. कार्नेशनचं फूल मशागतीने कुठवर मोठं होईल हे कुणी सांगू शकणार नाही, पण ते मोठ्या कोबीच्या गड्ड्याएवढं होणार नाही हे नक्की. 'अमर्याद' आणि 'अनिश्चित' हे दोन शब्द अनुवादात वेगळे ठेवा, तिथे पुष्कळांचा पाय घसरतो.

पानोपान:
ठरलं. रूसोच्या परिच्छेदात 'घडणशीलता', काना-मात्रांची हरकत मान्य करूनही. गॉडविनच्या ठिकाणी नाम करतच नाही, 'अधिकाधिक चांगलं होत राहण्याची शक्ती' असं लांबलचक लिहिते. 'राहणे'मध्येच ते न संपणं आलं. राहिला प्रश्न विशेषणाचा. 'घडणशील प्राणी' कानाला कसं वाटतं?

काना-मात्रा:
वाईट. विशेषण टाळा.