एडीएचडी आणि गोंगाट: तुमच्याकडे काय टिकलं?

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली, म्हणून आत्ताच विचारते. भरलेलं घर, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, फटाके, तळणाचा वास आणि त्यात चौघांची चार बोलणी. एडीएचडी म्हणजे लक्ष लागत नाही, एवढंच बाहेरच्यांना ठाऊक असतं. खरं तर लक्ष सगळ्याकडेच जातं, नको ते गाळणं जमत नाही. आवाज, उजेड, वास असह्य होणं हे निदानाच्या निकषांत नाही, तरी आपल्यातले पुष्कळजण ते रोज भोगतात.

नवी वही, नवं अ‍ॅप, नवा अलार्म यांची यादी कृपया नको. नावीन्य ओसरलं की ते कोपऱ्यात जातं आणि दोष आपल्या माथी येतो, हे मला फार लागतं. एक पावसाळा आणि एक चवथ पार करून जे अजून चालू आहे, थकलेल्या दिवशीही चालतं, ते लिहा.

म्हापसा, दुकानदार
शुक्रवारचा बाजार सोडला तर दुपारी शटर खाली. घरी जेवतो, पंख्याखाली आडवा होतो, फोन ओसरीवर. दर तासाला पाच मिनिटं थांबा असं मला सांगितलं होतं, पण ते आठवायचंच नाही. दुपारची झोप टिकली, कारण ती मला एकट्याला लक्षात ठेवावी लागत नाही, आजूबाजूची दुकानंही बंद होतात. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा आवाज चढला तरी आता डोकं भणभणत नाही.

फोंडा, हायस्कूल शिक्षिका
मुलाच्या तपासण्या चालू असताना डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला मी मनात "मीसुद्धा" म्हणत होते. चाळिशीत निदान झालं. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात, म्हणून आईलाही बोलावलं. हरवलेल्या छत्र्या, अर्धवट वह्या, तिला सगळं आठवत होतं. "आळशी म्हणायचे गो मी तुला," म्हणाली आणि रडली.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध मला लागू पडलं. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक फार्मसीवाला ठेवून घेतो, आणि सगळीकडे ते मिळतही नाही. विसरभोळ्या माणसासाठी ही व्यवस्था अवघडच. म्हणून आम्ही ती पगाराच्या दिवसाला बांधली. डॉक्टरांची वेळ घेणं माझ्याकडे, गोळ्या आणणं नवऱ्याकडे.

पण गोळीने माझा गोंगाटाचा त्रास गेला नाही. स्टाफरूममध्ये पेपर तपासणं अशक्य होतं. शाळा सुटल्यावर एक सहकारी बाई रिकाम्या वर्गात त्यांचे गठ्ठे घेऊन बसतात, मी माझे. आम्ही बोलत नाही. त्या उठेपर्यंत मीही उठत नाही. इतक्या वर्षांत याच्या तोडीचं काही सापडलं नाही. खळीच्या साड्या कायमच्या सोडल्या, वापरून मऊ झालेल्या सुतीच नेसते.

वास्को
भजनी सप्ताहाच्या फेरीत (जत्रेत) कानात बोळे घालूनच जातो. मात्र दिवसभर घालू नका. कानाच्या डॉक्टरांनी बजावलंय, सतत झाकून ठेवले तर कान आणखी हळवे होतात.

डिचोली, नऊ वर्षांच्या मुलाचे बाबा
लेकाला दिवाळीचा नरकासुराचा पुतळा जीव की प्राण, पण रात्रभराचे स्पीकर सोसत नाहीत. वाड्यावरच्या पोरांना सांगून ठेवलंय, कागद चिकटवायला आणि रंगवायला तो दुपारीच येणार. मुखवट्याचे डोळे तोच रंगवतो. रात्री आम्ही त्याच्या मामाकडे, जिथे आवाज पोचत नाही. शेजारी म्हणायचे, सवय करा. कान दाबून थरथरणारं पोर मी पाहिलंय, त्याला सवय होत नाही. आता पोरंच विचारतात, "डोळेवाला कधी येतो?"

साळगाव
पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की गोळी. डबी पावाच्या पिशवीतच असते. एवढंच, पण कधी चुकत नाही.

चोडण, पणजीत नोकरी
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे न लागता साहेबांशी सरळ बोलले. दारापासून लांबचं टेबल, डोक्यावरची ट्यूब बंद, आणि काम तोंडी न सांगता लिहून. तिन्ही मिळालं. निदान सांगावंच लागलं नाही. फेरीबोटीत रायबंदरपर्यंत स्कूटरवरून उतरून कठड्याशी उभी राहते, फोन पिशवीत. कामाला पोचण्याआधी तेवढं लागतंच.

पेडणे
ताई, चवथीचं सांगते. जाऊबाईंशी आधीच वाटणी केलीय. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, पत्री, पहाटे नारळ खवणं माझ्याकडे. आरतीच्या वेळी पाहुण्यांचं त्या बघतात. घुमटं सुरू झाली की मी मागच्या पडवीत भांडी घेऊन बसते. सगळ्यांना ठाऊक असल्याने "रुसली का?" कुणी विचारत नाही. विसर्जनानंतरचा दिवस कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, हे सासूबाईंनीच ठरवून दिलंय. बोलायचं ते महिनाभर आधी. ऐन चवथीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

(विचारणारी)
पेडण्याच्या ताई, सासूबाईंकडे पहिल्यांदा विषय कसा काढलात, शब्द काय वापरलेत, ते सविस्तर लिहाल का? माझं तिथेच अडलंय.