माथेरानचे पहिले बंगले : वारसा कुणाचा?

नेरळकर :
परवा एका गटात कुणीतरी लिहिलं, "साहेबांचे जुने बंगले म्हणजे गुलामगिरीच्या खुणा. पाडा आणि नीट हॉटेलं बांधा." तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

1850च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढला. त्याने बांधलेलं 'बाइक' हे इथलं पहिलं घर आणि त्यामागोमाग कॅप्टन बारचं. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन येऊ लागला आणि डोंगराचं गाव झालं. पण नेरळहून वर येणारी छोटी रेल्वेगाडी धावली 1907 साली. म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ काच, लोखंड, पलंग, भांडी, जे जे खालून आलं ते माणसांच्या डोक्यावरून आणि घोड्यांच्या पाठीवरून आलं. ती माणसं याच पंचक्रोशीतली होती.

माझे आजोबा अशाच एका बंगल्यावर माळी होते. लहानपणी त्यांच्यासोबत राहिलो आहे. पुढे जांभ्याचं उंच जोतं, रुंद व्हरांडा, आरामखुर्च्या. स्वयंपाकघर मागे, वेगळं, मध्ये कौलांनी झाकलेली चिंचोळी वाट. त्या स्वयंपाकघराचा लाकडी उंबरठा मधोमध बशीसारखा झिजलेला होता. पाहुणे पुढच्या पायऱ्यांनी चढायचे. हा उंबरठा झिजला तो ताटं ने-आण करणाऱ्या अनवाणी पायांनी. बंगला पाडलात तर साहेबाचं काही जात नाही, तो केव्हाच गेला. आपल्या माणसांची कुठे न लिहिलेली नोंद तेवढी जाते.

बाजारपेठ :
मी माथेरानातच राहतो, म्हणून स्पष्ट लिहितो. 2011च्या जनगणनेत आमची लोकसंख्या 4,393. एवढं लहान गाव, आणि तरी राहायला जागा नाही. बंगल्यांचे प्लॉट बघा आणि बाजारातली आमची घरं बघा. 2003 साली पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, त्याची बंधनं आम्ही पाळतो. मुलाचं लग्न झालं तरी एक खोली वाढवता येत नाही. आणि दुरुस्ती? गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे सिमेंटच्या गोणीचं भाडं वेगळं, वाळूचं वेगळं. इथला पाऊस बंद घराला चार वर्षांत खातो. मालक मुंबईत, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. वारसा म्हणायला सगळे पुढे येतात, पैसे कोण देणार ते सांगा.

सिद्धगड :
माझा विरोध खर्चाचा नाही, क्रमाचा आहे. 1 डिसेंबर 1912 रोजी याच माथेरानात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. न्हाव्याच्या घरातला मुलगा वकील झाला, इंग्रजांविरुद्ध लढणारी 'आझाद दस्ता' ही भूमिगत तुकडी उभारली, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलं. सहलीला येणाऱ्या दहा जणांना भाई कोतवालांबद्दल विचारून बघा. मी विचारलं आहे, आणि उत्तर ऐकून वाईट वाटलं आहे. आधी ही आठवण ठसठशीत करा, मग बंगल्यांच्या कौलांचं बघू.

नेरळकर :
कोतवालांबद्दल एक अक्षरही खोडणार नाही. पण ते ज्या गावात वाढले त्याची रचना कशी होती? झाडीत सुटे सुटे बंगले आणि त्यांची सेवा करणारी बाजारातली दाटी. हे अंतर पुस्तकात वाचून कळत नाही, चालून कळतं. बंगले गेले तर ती विषमता दाखवायलाही काही उरणार नाही.

जांभा :
जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून एक मुद्दा. बंगला जपायचा म्हणजे कोणत्या सालचा? मंगळुरी कौलं 1860च्या दशकात बनू लागली. म्हणजे 1850च्या दशकातल्या घरांवर ती सुरुवातीला असणंच शक्य नाही. छप्पर बदललं, न्हाणीघरं आत आली, व्हरांडे काचांनी बंद झाले. 'मूळ रूप' म्हणून एकच साल धरलं तर मधल्या माणसांचं काम पुसलं जातं. आणि परकेपणाचं म्हणाल तर 'बंगला' हा शब्दच बंगालातल्या साध्या घरावरून आला. साहेबाने आपल्याकडचं घर उचललं आणि मोठं केलं.
माझा कल नेरळकरांकडे आहे, पण एका अटीवर. नुसता दर्शनी व्हरांडा रंगवून मागच्या खोल्या पाडायच्या नाहीत. मी पाहिलेल्या कामांत पहिला हातोडा नेहमी मागेच पडतो.

बाजारपेठ :
हे पटलं. माझी आजीही असल्याच एका मागच्या खोलीत जन्मली. पण मग जपायच्या घरांची यादी करताना बाजारातली जुनी घरंही तिच्यात घ्या, आणि दुरुस्तीच्या मदतीत बंगल्याइतकाच हक्क त्यांना द्या. हे लेखी होत नाही तोवर माझा विरोध कायम समजा.

नेरळकर :
हक्काचा मुद्दा मान्य. मे संपायच्या आत वर येतो, पाऊस लागला की मोजमाप होणार नाही. सुरुवात तुमच्या घरापासून करू. टेप आणि कागद मी आणतो.